काजवाल्या मावशींची अकरा मिनिटं

निवृत्तीनंतरच्या दुसऱ्याच सोमवारी साहेब गळ्यात स्टॉपवॉच अडकवून बायकोच्या शिवणाच्या दुकानात येऊन उभे राहिले. बाईंनी मशीन थांबवलं नाही, नुसतं चष्म्यावरून पाहिलं. एकतीस वर्षं साहेबांनी पंपाच्या कारखान्यात सुधारणा खातं सांभाळलं होतं. एका पंपामागे कामगाराची चारशे पावलं वाचवल्याचं ते अजून जेवताना सांगत.

"पंप काय, पाव काय, पँट काय, तत्त्व एकच," ते म्हणाले. "गिऱ्हाइकाच्या उपयोगाचं नाही ते सगळं वाया."

पावाचं नाव उगाच आलं नव्हतं. मागच्याच महिन्यात त्यांनी मेव्हण्याच्या बेकरीत सुधारणा केली होती. मेव्हणा तेव्हापासून फोन उचलत नव्हता.

दुकान म्हणजे एक लांबट खोली. दाराशी कापायचं टेबल, मध्ये बाईंचं मशीन आणि खिडकीशी काजवाल्या मावशींची खुर्ची. मावशी नात्याने कुणाच्याच कुणी नव्हत्या. बावीस वर्षं त्या रोज दोन बस बदलून येत, काजं करत, बटणं लावत आणि बोलत. त्यांचे हात आणि तोंड एकाच वेळी सुरू होत आणि एकाच वेळी थांबत.

साहेबांनी तीन दिवस वेळ मोजली.

"एका शर्टाला वीस मिनिटं," त्यांनी जाहीर केलं. "त्यातली अकरा बोलण्यात."

"अकराच?" मावशी म्हणाल्या. "मला वाटलं, जास्त असतील."

बाई खळखळून हसल्या. त्या हसण्यावारीच विषय गेला असता तर किती बरं झालं असतं. पण चौथ्या दिवशी काजाचं मशीन आलं आणि भिंतीवर दुकानाच्या नव्या मांडणीचा तक्ता लागला. मावशींना कुणी जा म्हटलं नाही. तक्त्यात खिडकीपाशी फक्त 'इस्त्री' असं लिहिलं होतं. मावशींनी तो दोनदा वाचला, जेवणाचा डबा पिशवीत घातला आणि पायात चपला सरकवल्या. "अहो, बसा हो," असं बाईंच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण मशीनखाली बाही अर्धी होती. ती पुरी करून त्या दारात आल्या, तोवर मावशींची बस गेली होती.

पहिला आठवडा साहेबांचा होता. रोजच्या नऊ शर्टांचे चौदा झाले. दुसऱ्या आठवड्यात मावशींच्या रोजच्या बसचे ड्रायव्हर नवा कोट घेऊन परत आले.

"हा हात घालू कुठे?" त्यांनी प्लास्टरमधला हात पुढे केला.

साहेबांनी वही उघडली. "माप तुमचंच आहे."

"माप माझंच आहे हो, हात मोडलाय! मावशींना सांगितलं होतं की मी बसमध्ये."

त्यांच्या पाठोपाठ औषधांच्या दुकानदाराची सून आली. झगा कमरेत अडकत होता, कारण तिला पाचवा महिना होता.

"आम्हाला कळवायला नको का?" साहेब म्हणाले.

"मावशींना सगळ्यांच्या आधी कळवलं होतं. सासूबाईंना नंतर."

तेव्हा कुठे बाईंच्या ध्यानात आलं. मावशी दोरा ओवता ओवता म्हणायच्या, "त्या सुनेचं जरा सैल ठेवा हं," आणि बाईंची कात्री दोन बोटं बाहेरून फिरायची. याला तपासणी म्हणतात हे दोघींपैकी कुणालाच माहीत नव्हतं. साहेबांना तर ती अकरा मिनिटं वाटली होती.

कारखान्याच्या रीतीप्रमाणे साहेबांनी मूळ कारण शोधायला पाच वेळा 'का' विचारलं. पाचही वेळा उत्तर मावशींपाशी जाऊन थांबलं. म्हणून त्यांनी तो नाद सोडला आणि छापील अर्ज काढला. 'मागील भेटीनंतर शरीरात झालेले बदल', आणि खाली खुणा करायला चौकोन.

तो अर्ज पहिल्यांदा मुख्याध्यापिकाबाईंच्या वाट्याला आला. वय छप्पन्न, लग्न केलेलं नाही, आवाज वर्गाच्या शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा. शाळेचे दोनशे चाळीस गणवेश दर वर्षी त्याच शिवायला देत, आणि दुकानाचं वर्ष त्यावरच निघे.

"वजन?" साहेबांनी विचारलं.

"वाढलंय थोडं."

"हाडमोड?"

"नाही."

"गरोदर?"

दुकानातलं सगळं थांबलं. इस्त्रीसुद्धा.

"काय म्हणालात?"

"हो की नाही, एवढंच सांगा. खूण करायचीय."

मुख्याध्यापिकाबाईंनी गणवेशाच्या कापडाचा नमुना टेबलावरून उचलून पर्समध्ये ठेवला आणि त्या पायऱ्या उतरल्या. बाई ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर साहेबांना सोपं गेलं असतं.

"मावशींना घेऊन या," त्या म्हणाल्या. "पाया पडायला लागलं तर पडा, पण घेऊन या."

दोन बस बदलून साहेब पोचले तेव्हा मावशी दारातच बसल्या होत्या. एका हाताला काजाचे कपडे, दुसऱ्या हाताला बटणांचे, मध्ये त्या. कुठे उठायला लागू नये अशी मांडणी.

"या साहेब. बोला, हात चालू ठेवते."

"मावशी, माझी चूक झाली. परत या."

"चूक कसली? तुमचं अगदी पटलं मला. घरी येऊन मीही मोजलं. जाऊन येऊन बसमध्ये तीन तास! बावीस वर्षं, साहेब. निव्वळ वाया. म्हणून ते काढून टाकले. आता तीन दुकानांची कामं घरपोच येतात."

 कारखान्यात इतक्या लवकर साहेबांचं कुणालाच पटलं नव्हतं.

"बाईंना तुमची फार आठवण येते हो," ते शेवटी म्हणाले.

मावशींची सुई थांबली. "मलाही येते," त्या म्हणाल्या. मग गाठ मारून त्यांनी दोरा तोडला. "पण आता घडी बसलीय. नाही जमायचं."

साहेबांनी दुकानात येऊन सगळं जसंच्या तसं सांगितलं. बाईंनी मान हलवली आणि शिवण पुढे सुरू केलं. ती सगळी दुपार मशीनचाच काय तो आवाज होता. साहेब इस्त्रीपाशी बराच वेळ चुळबुळत राहिले. मग घसा साफ करून त्यांनी आयुष्यात पहिल्यांदाच असा विषय काढला.

"काय गं, त्या चष्मेवाल्याच्या मुलीचं लग्न ठरता ठरता मोडलं म्हणे. झालं तरी काय?"

बाईंचा पाय मशीनवर थांबला. कुणीतरी काही विचारलं म्हणून क्षणभर त्यांचा चेहरा उजळला, आणि लगेच उतरला.

"मला कुठून कळणार?" त्या म्हणाल्या. "मावशींना माहीत असेल."