राग पाटीवर, अदब कागदावर

नरसिंगअण्णा कुणाचाही अर्ज लिहिण्याआधी त्याला शिव्या द्यायला लावत.

संतपूरच्या कचेरीसमोर कडुलिंबाखाली त्यांची बैठक असे. मांडीवर शाळेतल्या पोराची असते तसली दगडी पाटी, बाजूला दौत आणि कोरे कागद. गिऱ्हाईक येऊन बसलं आणि "काय सांगू अण्णा, पटवाऱ्यानं..." असं रडगाणं सुरू झालं की अण्णा पाटीवरची पेन्सिल उचलत.

"रडू नको. टिपं पडली की शाई पसरती. शिवी दे. कोन्ती देतूस?"

माणूस इकडेतिकडे बघून हळूच म्हणायचा, "मुडदा."

"एवढीच? दोन एकर रान गेलं आन् शिवी पावशेराची? जरा दमानं दे."

मग पाटी भरेस्तोवर शिव्या निघत. अण्णा त्या वळणदार अक्षरात लिहून मोठ्यानं वाचून दाखवत. "झालं? पोट साफ?" असं विचारून ओल्या चिंधीनं पाटी पुसत, हात धोतराला कोरडे करत आणि मगच कागद पुढे ओढून लिहू लागत. कागदावरची भाषा अशी, की वाचणाऱ्या साहेबाला आपण फार थोर आहोत असं वाटावं. "राग पाटीवर, अदब कागदावर," हे त्यांचं पालुपद. "ह्याच्या उलटं केलं की मानूस जेलात जातंय."

मी तेव्हा गावच्या शाळेत नवा मास्तर होतो आणि अण्णांच्या शेजारच्या खोलीत भाड्यानं राहत होतो. ते माझ्याकडून पेन्सिली उचलून नेत. सरकारी पेन्सिली सरकारला शिव्या द्यायला नाही वापरायच्या तर कशाला, असा त्यांचा सवाल होता. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं. सकाळी उठल्यावर ते आधी चुलीशी भांडत, मग घागरीशी, मग माझ्याशी. माझ्याशी भांडण्यात त्यांना गोडी नव्हती. "तुम्ही उलटून बोलत न्हाईत मास्तर. तुमच्यासंग भांडनं म्हंजे भिताडावर डोस्कं आपटनं."

उलटून बोलणारा एकच माणूस गावात होता, तो बिरप्पा धनगर. त्याच्याशी अण्णांचं अकरा वर्षं बोलणं बंद होतं. निजामाच्या काळात बिरप्पानं भर चावडीत त्यांना "नबाबाचा लेखणीवाला" म्हटलं होतं. अण्णांनी त्याला "बकऱ्या" म्हटलं. तेव्हापासून दोघं एकमेकांना ऐकू जाईल अशा बेतानं तिसऱ्याशी बोलत. बिरप्पा रस्त्यानं जाताना आपल्या बकरीला म्हणे, "चल गं, हितं शाईचा वास यायलाय." अण्णा लिंबाच्या झाडाला सांगत, "बघ रे, लेंड्या पडायल्यात."

रझाकारांच्या धामधुमीत हा बिरप्पा सरहद्दीवर त्यांच्याविरुद्ध बंदूक घेऊन उभा होता. फौजा आल्या, निजाम गेला, लोकांनी बिरप्पाला खांद्यावर घेऊन नाचवलं. पुढे नव्या सरकारची माणसं लेव्हीचं, म्हणजे सक्तीच्या वसुलीचं, धान्य मागायला आली, तेव्हा हाच बिरप्पा चावडीत उभा राहिला आणि म्हणाला, "नबाबाला जवारी दिली न्हाई, मंग तुमाला कामून द्यावी? पोरं उपाशी हाईत." एवढंच बोलला. तिसऱ्या दिवशी त्याला धरून नेलं ते थेट गुलबर्ग्याच्या तुरुंगात. खटला नाही, शिक्षा नाही, मुदतही नाही. ज्या हातांनी त्याला हार घातले होते त्यातल्याच एका हातानं पंचनाम्यावर सही केली. मी हे लिहितोय आणि अजून माझं रक्त तापतंय.

त्या थंडीत बिरप्पाची म्हातारी आई सायव्वा अंथरुणाला खिळली. वैद्यानं मान हलवली. कैद्याला पॅरोलवर, म्हणजे चार दिवसांच्या सुटीवर, घरी सोडता येतं असं मी कुठंतरी वाचलं होतं. भीतभीतच मी अण्णांना सांगितलं. त्यांनी लगेच पाटी-दौत उचलली आणि अकरा वर्षांनी त्या घराचा उंबरा ओलांडला.

"सायव्वा, सरकारला शिवी दे. अर्ज लिवायचाय."

म्हातारीनं डोळे उघडले. "सरकारला मागनं देते. आदी तुलाच देते. अकरा वरीस माज्या दारात आला न्हाईस, मुडद्या!"

"लिवतो," अण्णा म्हणाले आणि खरंच लिहिलं. म्हातारी हसली. हसता हसता तिला ढास लागली.

मग त्यांनी कागद घेतला आणि अस्सल उर्दूत अर्ज लिहिला. मी साक्षीदार म्हणून खाली सही केली. इतका सुंदर अर्ज मी आयुष्यात पाहिला नाही. म्हातारीचा जीव लेकासाठी कसा अडकलाय हे वाचून दगडाला पाझर फुटला असता. दुपारी बिदरहून मोटार यायची. तिचा भोंगा वाजला की सायव्वा मला बघायला पिटाळायची. पाच दिवस मी फाट्यावर जाऊन रिकाम्या हातानं परत आलो.

सहाव्या दिवशी मोटारीनं आला तो आमचाच अर्ज. तारखेभोवती लाल शाईचं कडं आणि खाली शेरा: असा महिना नाही, अर्ज नामंजूर.

अण्णांनी बहमन महिना घातला होता. निजामी अमलात कचेरीचं सगळं काम फसली सालाच्या महिन्यांनी चाले: आजर, दै, बहमन, इस्फंदार. तीस वर्षं अण्णांच्या हाताला तेच वळण. यापुढे इंग्रजी तारीखच घालावी असा हुकूम आला होता, चावडीवर दवंडीही पिटली होती. पण म्हातारीच्या उशाशी बसून लिहिताना हात जुन्याच वाटेनं गेला. मी सही केली, माझ्याही ध्यानात आलं नाही. आम्हा सगळ्यांचे जन्ममृत्यू त्याच महिन्यांत नोंदलेले होते.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं मोटारीनं वरच्या कचेरीत गेलो. लाल कडं काढणारा कारकून अण्णांच्या ओळखीचा निघाला. पोरवयात त्यांच्या लिंबाखाली बसून उर्दू अर्ज लिहायला शिकलेला. आता टोपी तेवढी बदलली होती.

"तू कोन्त्या म्हैन्यात जल्मलास रे?" अण्णांनी विचारलं.

"ते आता कामून, अण्णा?"

"खुर्दादात. तुझ्या बापानं दाखल्याचा अर्ज माझ्याकडनंच लिवून नेलता. आसा म्हैनाच न्हाई म्हनतूस, म्हंजे तू जल्मलासच न्हाईस. न जल्मलेल्या मानसाला सरकार पगार द्यायलंय कामून?"

सगळी कचेरी हसली. कारकूनही हसला. मला त्याच्या त्या हसण्याचा आजही संताप येतो. त्याला बहमन म्हणजे काय ते ठाऊक होतं. अर्ज कशासाठी आहे तेही ठाऊक होतं. पेन उचलून शेजारी दोन आकडे लिहायचा अवकाश होता. पण त्याला आपण नव्या राज्याचे झालो हे साहेबाला दाखवायचं होतं.

"कायदा हाय, अण्णा. नवा अर्ज द्या." तारीख त्यानंच सांगितली. अण्णांनी मान खाली घालून लिहिली.

त्यानंतर तिसऱ्या दिवशी मोटारीचा भोंगा वाजला, पण सायव्वानं मला पिटाळलं नाही. ती गेली होती. लेकाच्या जागी पुतण्यानं अग्नी दिला. सुतकाचे दिवस झाल्यावर सरकारचं उत्तर आलं: ज्या कारणासाठी रजा मागितली ते कारण आता उरलेले नसल्यामुळे अर्ज निकाली काढण्यात येत आहे.

मी तो कागद फाडणार होतो. अण्णांनी तो हातातून काढून घेतला आणि घडी करून टोपीत ठेवला. "आता चार दिसाची सुटी नगं," ते म्हणाले, "आता मानूसच सोडवायचा."

इथून अण्णा खरे पिसाळले. बिरप्पाला सोडा, असा अर्ज त्यांनी लिहिला आणि त्याखाली अंगठे गोळा करायला गावोगाव हिंडू लागले. ठाणाकुशनूरचा बाजार झाला, कमठाण्यापर्यंत पायपीट झाली. सुटीच्या दिवशी मी सोबत असे. लोक अंगठा द्यायला भीत. अंगठ्यानंच त्यांची रानं गेली होती. मग अण्णा पाटी काढत. "अंगठा नगं. शिवी तर दे? शिवीला पुरावा न्हाई, चिंधीनं पुसतो." शिवी द्यायला रांग लागायची. अण्णा लिहायचे, वाचायचे, पुसायचे. पोट साफ झालेला माणूस आपणहून अंगठा पुढे करायचा.

एका म्हातारीनं जावयाला शिव्या घातल्या. अण्णा म्हणाले, "अक्का, ह्यो सरकारात न्हाई."

"कचेरीत शिपाई हाय की!"

"मंग चालतंय," म्हणत अण्णांनी लिहून घेतलं.

एकदा जमादारानं येऊन पाटी मागितली. पाटी कोरी होती. "मंग चिंधीला अटक करा," अण्णांनी हात जोडून सांगितलं, "सगळा राजद्रोह तिच्यात हाय."

कुणीतरी विचारायचंच, "अण्णा, बिरप्पाचं आन् तुमचं वाकडं हाय न्हवं?"

"व्हय! म्हनूनच तर! माझं भांडन आर्धं राहिलंय. सरकारनं माझा मानूस उचलला." लोक हसत. मीही हसत असे. वर्षभर आम्ही अर्जामागून अर्ज धाडले. एकाचंही उत्तर आलं नाही.

आणि एके दिवशी, काही कारण न देता धरलेल्या बिरप्पाला, काही कारण न देता सोडलं. आमच्या अंगठ्यांनी सोडलं की कुणा साहेबाच्या लहरीनं, ते कळलं नाही. दुपारच्या मोटारीनं तो उतरला. केस पांढरे झाले होते. घरी जायच्या आधी तो सरळ लिंबाखाली आला. मी शाळा सोडून धावलो. मला वाटलं, आता अकरा-बारा वर्षांची थकबाकी फिटणार, गाव ऐकत राहील.

पण अण्णांनी पिशवीतून एक पाटी काढली. ती गावोगाव हिंडलेली पाटी नव्हती, आधीची जुनी होती. तिच्या कडांवर धूळ बसली होती. वर्षभर न पुसलेली पाटी. ती त्यांनी बिरप्पापुढे धरली.

बिरप्पाला अक्षर येत नसे. पण तुरुंगातल्या सोबत्यांनी शिकवलं होतं. बोट ठेवून तो एकेक अक्षर लावू लागला. "अकरा... वरीस... माज्या दारात... आला न्हाईस... मुडद्या." तो थांबला. आईची शिवी त्यानं ओळखली. खाली अण्णांच्या स्वतःच्या होत्या. नरसिंग, भाड्या, तीस वर्षं लेखणी धरलीस आणि एक तारीख नीट लिहिता आली नाही. म्हातारीचं लेकरू तू अडवलंस. पाटी भरून तसंच काहीबाही.

वर्षभर हा माणूस जगावर का भुंकत होता ते मला तेव्हा समजलं. त्या कारकुनानं कुठली पाटी लिहिली असेल? घरी जाऊन तो सुखानं जेवला असेल.

बिरप्पानं पाटी जपून खाली ठेवली. मग म्हणाला, "पाटी झाली, अण्णा. कागद कुठाय?"

"कागद जमंना," अण्णा म्हणाले. "लई डाव बसलो. आपल्यासाठी अर्ज कसा लिवत्यात ते मला येत न्हाई."

बिरप्पा घोंगडी टाकून अण्णांच्या जागेवर बसला. कोरा कागद पुढे ओढला, लेखणी काठीसारखी मुठीत धरली. "सांगा. मी लिवतो."

अण्णा गिऱ्हाइकाच्या जागी उकिडवे बसले. त्यांचे डोळे भरले होते आणि ते कागदापासून तोंड लांब धरत होते.

"आदी तारीख घाल," ते म्हणाले. मग माझ्याकडे वळले. "मास्तर, आज कोन्ती तारीख हाय? नीट बघून सांगा."