एकाच डोळ्यांचं वऱ्हाड

"पप्पा, आमच्या वर्गाच्या फोटोत सगळ्या मुली रागावलेल्या का दिसतायत?"

प्रश्न माझा नव्हता. प्रश्न माझ्या वर्गातल्या लंबूचा आणि चष्मिशचा, हिंमत फक्त माझी. "रविवारी स्टुडिओ भरलेला असताना विचारून दाखव, तर तुला मानलं," असं म्हणून दोघी काचेच्या दाराबाहेर नाकं चिकटवून उभ्या होत्या. गेल्या वर्षीची मी असते तर शेपूट घालून आत पळाले असते. पण यंदा मी वक्तृत्वात पहिली आले आहे. त्यामुळे शेवटच्या खुर्चीपर्यंत पोचेल अशा खणखणीत आवाजात विचारलं.

शेवटच्या खुर्चीवर एका नव्या नवरीची सासू बसली होती. मांडीवर पप्पांनी नुकताच दिलेला लग्नाचा अल्बम.

"रागावलेल्या?" सासूबाई ताडकन म्हणाल्या. "अगं बाई, मला वाटलं आमचेच!"

"तू आत जा. अभ्यास कर," पप्पा म्हणाले. खरा प्रश्न विचारला की मला नेहमी अभ्यासाला पाठवतात.

"थांबा हो, पोरीला कशाला हाकलता?" सासूबाईंनी ग्रुप फोटोचं पान उघडून काउंटरवर आपटलं. "आमची चाळीस माणसं, आणि एकजात सगळी कोणाच्या तरी जिवावर उठल्यासारखी बघतायत. लग्न होतं की भांडण?"

बाजूला बसलेली नवरी हळूच म्हणाली, "मला हा फोटो मोबाइलवर आला ना आई, मला वाटलं तुम्ही सगळे माझ्यावरच चिडलाय. दोन दिवस घास उतरला नाही."

"बघा!" सासूबाई. "आणि हे आमचे मामंजी. सगळ्या लग्नात झोपले होते. इथे टक्क जागे!"

मामंजी, म्हणजे नवऱ्याचे आजोबा, सोफ्यावर बसले होते. आत्ताही झोपले होते.

पप्पांनी घाम पुसला. "त्याचं काय आहे, ऐन वेळी लोकांचे डोळे मिटतात हो. मग ते... कुठून तरी आणून लावावे लागतात."

"कुठून तरी म्हणजे?"

तेवढ्यात फोटो कापायची कात्री हातात घेऊन आई आतून आली. "कसला गोंधळ चाललाय?" म्हणून तिने सगळ्यांवर एकदा नजर फिरवली. खोलीतल्या प्रत्येकाने आईकडे बघितलं, मग अल्बमकडे, मग पुन्हा आईकडे.

"अय्या!" नवरी म्हणाली. "ह्याच!"

झालं असं होतं. रोज सकाळी लाइट नीट पडतोय का ते बघायला पप्पा आईला स्टुलावर बसवतात. एकदा ती अर्धं काम टाकून आली होती आणि पप्पा पाऊण तास दिवेच हलवत होते. त्या दिवशी तिने कॅमेऱ्याकडे जे बघितलं, तो फोटो पप्पांनी कॉम्प्युटरमध्ये जपून ठेवला. 'चांगले डोळे' या नावाने. तेव्हापासून ज्याचे डोळे मिटतील त्याला हेच डोळे. लहानमोठे करायचे, रंग थोडा बदलायचा, की झालं.

"माझे डोळे? चाळीस जणांना?" आई म्हणाली.

"शाळेच्या पस्तीस धर," मी प्रामाणिकपणे भर घातली.

"अहो, माझा एक धड फोटो काढा म्हणून वर्षभर मागे लागलेय, तर तुम्हाला वेळ नाही! आणि माझे डोळे गावभर वाटत सुटलात?"

"तुझ्याइतकं न मिटता कोणी बघतच नाही गं," पप्पा काकुळतीला आले.

"तुमच्याकडे डोळे मिटून बघितलं तर संसार चालेल का?"

आता माझ्याही डोक्यात प्रकाश पडला. "पप्पा! माझे डोळे तर उघडे होते! मला का बदललं?"

"घाईत झालं. सगळी रांगच एकदम निवडली गेली."

पोटच्या पोरीचे डोळे! तो फोटो बघून मावशी म्हणाली होती, "डोळे अगदी आईचे हो!" तर मी दिवसभर आरशासमोर खूश होते. आता सांगा, संतापायचं नाही तर काय करायचं? आणि पप्पा माझ्याकडे असे बघत होते, जणू गुन्हा मीच केला. चोराच्या उलट्या बोंबा!

"हा अल्बम ठेवा तुमच्यापाशी," सासूबाई उठल्या. "परक्या बाईचे डोळे घेऊन पाहुण्यांना काय दाखवू? आणि माझी सून उपाशी राहिली ती वेगळीच. सगळीकडे सांगणार आहे मी!"

पप्पांचा चेहरा पडद्यासारखा पांढरा पडला. वीस वर्षांचं नाव त्या दारातून बाहेर चाललं होतं. "ताई, एक मिनिट! घरची मंडळी आहातच. पहिल्या पानासाठी आत्ता नवा फोटो काढतो. एकही डोळा बदलणार नाही."

सासूबाई पडद्यासमोर उभ्या राहिल्या, नाइलाजाने. शेजारी नवरी, तिच्यामागे आतापर्यंत एक अक्षर न बोललेला नवरा, पुढे खुर्चीत आजोबा. पप्पांनी कॅमेरा डोळ्याला लावला.

"हलू नका... डोळे मिटू नका हां... रेडीऽऽ!"

असं ओरडले की दाराची काच थरथरली. चष्मिश दोन पावलं मागे गेली. फोटोत सगळ्यांचे डोळे गच्च मिटलेले. दुसऱ्यांदा तेच. तिसऱ्यांदा तर नवऱ्याने कानही झाकले.

"पप्पा, तुम्ही ओरडता म्हणून मिटतात!"

"वीस वर्षं असाच ओरडतोय मी!"

"वीस वर्षं तसेच मिटतायत!"

त्यांच्या हातातून कॅमेरा कसा घेतला ते मलाही आठवत नाही. मी काहीच बोलले नाही. नुसती उभी राहिले. कंटाळून सासूबाई सुनेच्या केसातली पिन सारखी करायला लागल्या आणि म्हणाल्या, "घाबरू नकोस गं. माझे रागाचे डोळे निराळे आहेत. दाखवेन कधीतरी."

सून खुदकन हसली. मी बटण दाबलं.

कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर फोटो आला. सासू हसतेय, सून हसतेय, नवरा जीव भांड्यात पडल्यासारखा दोघींकडे बघतोय, आणि आजोबा छान झोपलेत.

"हे खरे आमचे आजोबा," सून म्हणाली.

"आमचे म्हणाली!" सासूबाईंनी लगेच पकडलं आणि अल्बम परत पिशवीत घातला. निघताना मात्र काउंटरवर वाकून पप्पांना हळूच म्हणाल्या, "त्यातला माझा एकटीचा फोटो आहे ना, तो बदलू नका. तेवढा धाक असलेला बरा."

ऐकलंत? मी एवढा जीव पणाला लावून खरं उघडकीला आणलं, आणि हे! वर आई मान डोलावत म्हणते कशी, "त्यांना शोभतात हो माझे डोळे."

मी कॅमेऱ्याचा पट्टा गळ्यात अडकवला आणि दोघांसमोर उभी राहिले.

"आई, पप्पा, नीट ऐका. पुढच्या लग्नाचे फोटो मी काढणार. तुम्ही दोघं पाहुण्यांसारखे या, जेवा, आणि ग्रुपमध्ये मुकाट्याने उभे राहा. ज्याचे डोळे मिटलेले येतील, त्याचे मी मिटलेलेच छापणार."