खंडेनवमीचा पासवर्ड

"होऊन जाईल, सर," एवढंच रत्नाकर म्हणाला होता. पुढचं सगळं त्या तीन शब्दांनी केलं.

आता म्हणायला काय लागतं? तो जबलपूरला, चेरीतालच्या घरात मागच्या खोलीत, पाय खिडकीच्या कट्ट्यावर टाकून बसला होता. बाहेर कढीलिंबाचं झाड हलत होतं आणि आश्विनातलं ऊन पायांवर पसरलं होतं. अशा वेळी कुणी काहीही मागितलं तरी माणूस हो म्हणतो. मागणारे होते पुण्याचे मॅनेजर गौतम सर. नवं सॉफ्टवेअर लिनक्सवरच चालतं, तेव्हा लॅपटॉपवरच्या विंडोजच्या पोटात लिनक्स बसवायचं आणि शुक्रवारी चार वाजता सगळ्यांना चालवून दाखवायचं. "घरून जमत नसेल तर पुण्याला या," असंही ते गोड आवाजात म्हणाले होते. घरून काम करणारे लोक दुपारी झोपतात, असा त्यांचा जुना संशय होता. (संशय खरा होता, पण तो मुद्दा वेगळा.)

पुण्याला जायचं म्हणजे हे ऊन सोडायचं, जेवणानंतरची ती गुंगी सोडायची, संध्याकाळचा नर्मदेवरचा ग्वारीघाट सोडायचा. नुसत्या कल्पनेनं रत्नाकर पाय खाली घेऊन सरळ बसला. तो कामाला लागला.

पण लॅपटॉप पडला कंपनीचा. भाड्याच्या घरात खिळा ठोकायचा तरी घरमालकाला विचारावं लागतं, तशी गत. रत्नाकरने बटण दाबलं की लॅपटॉप म्हणे, तुमच्या संस्थेने याला परवानगी दिलेली नाही. त्याने इंटरनेटवर वाचून दुसरी वाट धरली. तीही संस्थेने बुजवलेली होती. सगळा आठवडा असा गेला. शेवटी बंगलोरच्या हेल्पडेस्कमधल्या ऋचा नावाच्या मुलीला दया आली. शुक्रवारी दुपारी ती तिकडूनच त्याच्या लॅपटॉपमध्ये शिरून तासाभरापुरते अधिकार देणार होती.

आणि शुक्रवारी निघाली खंडेनवमी.

रत्नाकर जेवून हात धुऊन आला, तर लॅपटॉप टेबलावर नव्हता. तो देवघरासमोर पाटावर होता. शेजारी विळी, शिलाई मशीनचं हँडल आणि रेल्वेत फिटर असलेल्या बाबांचे जुने पाने. त्याची आई इंदूताई लॅपटॉप उघडून त्यावर मनापासून हळदकुंकू आणि अक्षता वाहत होती. आज अवजारांची पूजा, आणि पूजेनंतर दुसऱ्या दिवसापर्यंत त्यांना हात लावायचा नाही, हा घरातला नियम.

"आई, मला चार वाजता तो लागतो."

"काहून रे, वर्षभर बडवून राहिला त्याला. आज एक दिवस तरी निजू दे ना."

बरीच बोलणी झाली. पुण्याला जावं लागेल हे कळल्यावर इंदूताईंनी लॅपटॉप सोडला, पण कुंकू पुसायचं नाही या अटीवर. आणि लक्ष ठेवायला म्हणून त्या झेंडूची तोरणं ओवत तिथंच बसल्या.

ऋचा आली, म्हणजे तिचा बाण पडद्यावर आपोआप फिरू लागला. इंदूताईंनी त्यालाही नमस्कार केला. थोड्या वेळाने ऋचाने फोनवर सांगितलं, "भैया, अब रीस्टार्ट होगा. काळी खिडकी उघडली की नाव आणि नवा पासवर्ड तुम्ही टाका. पासवर्ड मुझे मत बताना." आणि ती निघून गेली.

रीस्टार्ट सावकाश चाललं होतं. टक्के मुंगीच्या पावलांनी वाढत होते. झेंडूचा वास, पायांवर ऊन, पोटात श्रीखंड. रत्नाकर कधी ग्वारीघाटावर पोचला ते त्यालाच कळलं नाही. नर्मदेत एक पेंग्विन, लिनक्सच्या चित्रातलाच, गळाभर पाण्यात उभा राहून सूर्याला अर्घ्य देत होता. "या की पाण्यात," तो म्हणाला. रत्नाकर म्हणाला, संस्थेची परवानगी नाही. पेंग्विनने फार मायेनं त्याच्याकडे पाहिलं आणि एक दिवा पाण्यात सोडला. तो दिवा इतका हळू, इतका सुंदर वाहत होता की रत्नाकरच्या डोळ्यांत पाणी आलं.

तेवढ्यात आईने हलवलं. "उघडली बघ तुझी काळी खिडकी."

रत्नाकरने अर्धवट डोळ्यांनी नाव टाकलं. नाव दिसलं. मग पासवर्ड टाकायला गेला तर पडद्यावर एक अक्षर उमटेना. ठिपकासुद्धा नाही. त्याने तोंडाला येईल ते टाइप करून पाहिलं, एंटर दाबलं, पुन्हा तेच केलं. काही नाही.

"गेलं कुंकू आत," तो ओरडला. मग आईवर नको ते बोलला, लॅपटॉप उलटा करून अक्षता झटकल्या, दात घासायच्या ब्रशने एकेक बटण घासलं. इंदूताई फुलं ओवत राहिल्या. लॅपटॉप सरळ केला तर अक्षरं छान उमटू लागली. आपल्या ब्रशचं त्याला फार कौतुक वाटलं.

चार वाजता सगळे पडद्यावर जमले, ऋचासुद्धा. रत्नाकरने लिनक्स सुरू केलं, गौतम सर "वा" म्हणाले. मग सॉफ्टवेअर चढवायच्या आधी काळ्या खिडकीने पासवर्ड मागितला. पुन्हा अक्षरं दिसेनात. आणि ऋचा सहज म्हणाली, लिनक्समध्ये पासवर्ड लिहिताना काहीच दिसत नसतं, तुम्ही दुपारी ठेवला तो टाका.

रत्नाकरने दुपार आठवून पाहिली. म्हणजे दुपारी कीबोर्ड चांगला होता, आणि पासवर्ड ठेवला गेला होता. कोणता, ते एक त्या पेंग्विनलाच ठाऊक.

"काय झालं?" गौतम सरांनी विचारलं. "सेटअप झालाय ना? की पुण्याला येताय?"

तेव्हा तोरण बाजूला ठेवून इंदूताई पुढे आल्या. लिहिताना रत्नाकर लहानपणापासून पुटपुटतो, हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत असणार? "अरे, तू दोनदा म्हणून राहिला होता ना," त्या कॅमेऱ्यात बघून स्पष्ट म्हणाल्या, "झोप येते, झोप येते."

गौतम सर मूळचे नागपूरचे, ही बोली त्यांच्या घरचीच. भाषांतराची गरज पडली नाही.

दुसरा इलाज नव्हता. सगळ्यांच्या देखत रत्नाकरने ते शब्द टाइप केले, आणि कुलूप उघडलं. सॉफ्टवेअर चढलं, चाललंही. शेवटी गौतम सर म्हणाले, "राहा जबलपूरलाच. इथं ऑफिसात तुमच्या आईंना कुठं बसवू?"

त्या संध्याकाळी त्याने आईची माफी मागितली. मनापासून मागितली, कारण तिच्यामुळेच ते ऊन त्याच्या पायांवर राहिलं होतं. मग ओठ घट्ट मिटून नवा, अवघड पासवर्ड ठेवला.

सकाळी दसरा. लॅपटॉप उघडून त्याने दोन-तीनदा पासवर्ड टाकून पाहिला, एकही लागेना. मग हळूच हाक मारली, "आई..."

"काल तोंड मिटून बसला होतास," स्वयंपाकघरातून इंदूताई म्हणाल्या. "आता मी काय करू?"