रोगाचा यजमान

छापखान्यात मुद्रितं तपासणाऱ्या आमच्या गृहस्थांनी त्या संध्याकाळी एवढंच ठरवलं, की बायकोच्या अभ्यासात लुडबुड नको, आपण प्रुफं घेऊन बाहेरच्या खोलीत बसावं. निर्णय चांगल्या मनाने घेतला होता, म्हणूनच अंगाशी आला.

बायको आरोग्यसेविकेच्या परीक्षेला बसली होती. सोबतीला तिची धाकटी बहीण यायची आणि दोघी स्वयंपाकघरात मोठमोठ्याने घोकत बसायच्या. गृहस्थ शब्दांचे भारी चिकित्सक. (सासऱ्यांनी पाठवलेलं पहिलंवहिलं पत्र त्यांनी लाल शाईने सुधारून परत धाडलं होतं.) शब्द कानावर पडला की त्याचा अर्थ लावल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. तेवढ्यात आतून बायकोचा आवाज आला, "रोग व्हायला तिघं लागतात. रोगकारक, यजमान आणि परिसर. त्यातून यजमान दुबळा असला, की रोगाचं फावतं."

गृहस्थांची पेन्सिल थांबली. यजमान म्हणजे नवरा, यात शंकाच नव्हती. शेजारच्या काकू बायकोला रोज विचारायच्या, यजमान आले का कामावरून?

मेव्हणीने काहीतरी शंका काढली. बायको म्हणाली, "यजमानाला बाजूला काढलं की रोगाची साखळी तुटते. नाहीच जमलं, तर दुसऱ्या पातळीवर लवकर निदान आणि तिसऱ्या पातळीवर पुनर्वसन."

पुनर्वसन हा शब्द त्यांनी धरणाच्या बातम्यांत कितीदा तरी तपासला होता. माणसांना घरातून उठवतात आणि लांब कुठेतरी पत्र्याच्या खोल्यांत नेऊन ठेवतात. इतक्या वर्षांच्या संसारानंतर आपल्याला आपल्याच घरातून उठवणार! जेवताना त्यांनी भीत भीत विचारलं, तुला काही होतंय का? बायको म्हणाली, डोकं उठलंय नुसतं. झालं! रोग ताटावर होता आणि कारण समोर बसून जेवत होतं.

आता दुबळेपणा घालवणं भाग होतं. गृहस्थ सकाळी उठून बैठका मारू लागले, कच्ची गाजरं खाऊ लागले, अंथरूण त्यांनी बाहेरच्या खोलीत हलवलं. बायको जवळ आली की ते मागे सरकत. (घर लहान, त्यामुळे फार सरकता येत नसे. एकदा ते कपाटात गेले.) हे रुसलेत की आजारी आहेत, हे बायकोला कळेना. ती बहिणीला म्हणाली, लक्षणं काही ठीक नाहीत, लवकर निदान झालेलं बरं, डॉक्टरांना दाखवतेच. हे दाराआडून ऐकल्यावर गृहस्थांची खात्री पटली, की आपण दुसऱ्या पातळीवर पोचलो आणि तिसरी काही लांब नाही.

उरला परिसर. तो तरी निर्दोष असावा म्हणून बायको बाजारात गेल्याची संधी साधून त्यांनी फिनेलची अख्खी बाटली ओतली आणि घर पुसून काढलं. मग आपलीच करामत कौतुकाने बघायला वळले. पाय सटकला आणि गृहस्थ आडवे झाले.

दवाखान्यातून प्लास्टर घालून आणल्यावर बायकोने त्यांच्या पायाखाली हळूच उशी सरकवली. गृहस्थांना भरून आलं.

"एकच सांग," ते म्हणाले, "माझं पुनर्वसन कुठे करणार आहेस?"

"तुमचं?"

"मी सगळं ऐकलंय. यजमान दुबळा असला की रोग होतो. मी जाईन, पण फार लांब नको. तुझ्या बहिणीकडे एखादी खोली असेल तर..."

बहीण ओढणी तोंडात कोंबून बाहेर पळाली. बायको मात्र हसली नाही. तिने सावकाश समजावून सांगितलं, की यजमान म्हणजे ज्याच्या शरीरात जंतू मुक्कामाला येतो तो. मग बाई असो, बुवा असो, नाहीतर कोंबडी. आणि पुनर्वसन म्हणजे दुखण्यातून उठलेल्याला पुन्हा हिंडतं-फिरतं करणं. प्लास्टर निघालं की ती त्यांच्याकडून पायाचे व्यायाम करून घेणार होती, तेच ते. बोलता बोलता ती त्यांच्या पायाखालची उशी पुन्हा पुन्हा नीट करत राहिली.

"मी तुम्हाला घराबाहेर काढीन, असं वाटलंच कसं तुम्हाला?"

गृहस्थांचा जीव भांड्यात पडला. त्यांनी डोळे पुसले, नाक पुसलं, आणि जरा बरं वाटल्याबरोबर त्यांच्यातला मुद्रितशोधक उठून बसला.

"मग तुमच्या पुस्तकात नवऱ्याला काय शब्द आहे?"

बायकोने पुस्तक घेऊन शेवटच्या पानापर्यंत चाळलं.

"शब्दच नाही हो. नवरा त्यात कुठे आलेलाच नाही."

गृहस्थांचा चेहरा उतरला.

"तळटीपेतसुद्धा नाही?"