कडकरावांची रीलमोहीम आणि हेडबाईंशी जाहलेला तह

वाफ, खळ आणि कोळशाची धग यांस साक्ष ठेवोन ही हकीकत लिहिली आहे. जैसे घडले तैसेच लिहिले, पदरचे तिखटमीठ घातले नाही. चिमूटभर घातले असल्यास दरबाराने पोटात घालावे.

कडकराव म्हणजे गल्लीच्या तोंडाशी लाँड्री चालविणारे मातबर असामी. खळ कडक आणि स्वभाव त्याहून कडक, सबब रयतेने हा किताब बहाल केला होता. तीस वर्षे त्यांचा एकच शिरस्ता की, कापड आपल्या हातून बिघडले तर आपणच हातावर घेऊन गिऱ्हाइकाच्या दारी उभे राहावे, दुसऱ्यास धाडू नये. ऐसे असता समोर मशीनवाल्यांनी चकचकीत लाँड्री उघडोन ठाणे दिले, त्यांच्या पेजवर रोज नवी रील झळकू लागली, आणि कडकरावांच्या दांडीवरचे हँगर रिकामे लोंबू लागले. मग सूनबाईसाहेब, ज्या दोन दिवसांचे प्रसिद्धी-शिबिर सर करोन नुकत्याच परतल्या होत्या, त्यांनी भर स्वयंपाकघरात मसलत दिली की, गिऱ्हाईक आता दुकानात येत नाही, फोनात राहते. तेथेच त्यास गाठावे, रोज दर्शन द्यावे, आणि जो कोणी चकार शब्द लिहील त्यास पापणी लवण्याआत गोड जाब द्यावा. इतकी फुरसत कोणास? म्हणोन त्यांनी फोनातच एक आपोआप जाब नेमला: ‘धन्यवाद! आपला आनंद हीच आमची कमाई!’ मागे तीन फुले.

मग मोहिमेचा दिवस उजाडला. टेबलावर काळा कोट आला. कोट हेडबाईंचा, म्हणजे त्यांच्या दिवंगत यजमानांचा. या निवृत्त हेडबाई दुकानाचे पहिले गिऱ्हाईक. अर्धी गल्ली त्यांच्या हाताखाली शिकलेली, त्या फिरल्या तर दुकानास कुलूपच. सूनबाईंनी फर्माविले की, इस्त्री करता करता कॅमेऱ्याकडे पाहोन हसावे. हसणे ही विद्या कडकरावांस अवगत नव्हती. सात वेळा हसू फसले, आठव्यास ओठ एकदाचे हलले, आणि तितका वेळ इस्त्री जागीच तळ देऊन राहिली. बाहीतून धूर निघाला. सूनबाईंस ती वाफ वाटली, त्यांनी ‘मायेची ऊब’ ऐसे नाव देऊन रील रवाना केली, आणि मग कडकरावांच्या नाकास वास लागला.

शिरस्त्याप्रमाणे त्यांनी कोट उचलला. परंतु सूनबाई म्हणाल्या की, बारा हजार लोकांनी पाहिले, आकडा चढतो आहे, आज दुकान सोडू नये. आणि काय सांगावे! कडकराव तो आकडा पाहात बसले. तीस वर्षांत प्रथमच पाय उंबरठ्यावरून मागे फिरला.

कोट पोहोचण्याआधी रील हेडबाईंस पोहोचली. त्यांनी एक तारा देऊन खलिता लिहिला: ‘हा माझ्या यजमानांचा कोट. धूर मला दिसला, तुम्हाला दिसला नाही?’ तत्क्षणी जाब गेला की धन्यवाद, आपला आनंद हीच आमची कमाई, तीन फुले. मग हेडबाईंचे जुने विद्यार्थी चहूकडून चालोन आले. एकशे सतरा शिव्या पडल्या आणि एकशे सतरा वेळा धन्यवाद गेले. सूनबाई तो जाब आवरू पाहात, परंतु नेमणे शिबिरात शिकविले होते, बरखास्त करणे शिकविले नव्हते. कडकरावांस मात्र त्या शिव्यांचे काही वाटले नाही, ‘दिसला नाही?’ एवढेच काळजात रुतोन बसले.

दुसरे दिवशी सकाळीच ते कोट हातावर घेऊन हेडबाईंच्या दारी उभे राहिले. बाहीवर इस्त्रीचा तिकोनी डाग, आणि मान खाली. हेडबाईंनी डागावरून बोट फिरविले.

मग म्हणाल्या, “लक्ष कुठं होतं?”

“कॅमेऱ्याकडं, बाई. आणि काल येणार होतो, तर आकडे बघत बसलो.”

“दहा वेळा लिहा. सगळ्यांना दिसेल असं.”

कडकरावांनी पेजवर एका बोटाने, चुकत माकत, दोन तास खर्ची घालोन दहा वेळा लिहिले: ‘काम करताना मी इस्त्रीकडेच पाहीन.’ गल्लीने वाचले, हसली, आणि दुपारपासून गाठोडी घेऊन दुकानी येऊ लागली. सूनबाईंनी यास आपली मोहीम ऐसे नाव दिले, शिबिरवाल्यांनी आपली. हेडबाईंनी एकाचे चार तारे केले, पाचवा राखोन ठेवला, पैकीच्या पैकी त्यांनी उभ्या नोकरीत कोणास दिले नव्हते. खाली लिहिले, ‘अक्षर सुधारा.’ तत्काळ जाब गेला: धन्यवाद, तीन फुले.

आठवड्याने हेडबाई आपण होऊन दुकानी आल्या आणि त्याच कोटाच्या जोडीची पँट टेबलावर ठेवोन गेल्या. कडकरावांनी सूनबाईंचा फोन खणात टाकोन किल्ली खिशात घातली, पँटीस इस्त्री केली आणि स्वतः पोहोचती केली. डाग नाही, चुणी नाही. येणेप्रमाणे मोहीम फत्ते जाहली. तिचा फोटो कोणापाशी नाही.