सिंहाचे ओठ आणि रातकिड्याची किरकिर

एका जंगलात एक सिंह होता. इथपर्यंत तुम्हाला पाठच आहे, बाळांनो. आता पुढचं ऐका. ह्या सिंहाला स्वतःवर एका गाण्याचं चित्रीकरण करून हवं होतं. त्याच्या राज्याला दहा वर्षं झाली होती. एवढ्या काळात हरणं कमी झाली, झाडं कमी झाली. मग वाढलं काय, हे दाखवायला एखादं गाणं नको का?

गाणं महाराजांच्या स्तुतीचं होतं. शब्दही महाराजांचेच होते, म्हणजे तसं जाहीर झालं होतं. गळा मात्र कोकिळाचा होता, कारण महाराज गायला लागले की श्रोते जीव घेऊन पळत. महाराजांनी फक्त तोंड हलवायचं होतं.

तोंड हलवणं सोपं असतं, असं सगळ्या दरबाराला वाटत होतं. भानुदास काटेकरला तसं वाटत नव्हतं. हा साळिंदर. चित्रीकरणाच्या जागी गाणं वाजवायचं, हे त्याचं काम.

अशा गाण्याचं चित्रीकरण तुकड्यातुकड्यानं होतं. पहिलं कडवं धबधब्यापाशी, दुसरं टेकडीवर, मधलीच एक ओळ पुन्हा धबधब्यापाशी, कारण तिथे महाराजांना शिंक आली होती. असे चाळीस तुकडे. मग ते विमल सुगरणीच्या घरट्यात जात आणि ती ते विणून सलग गाणं करी. पण कुठला तुकडा गाण्यात नेमका कुठे बसतो, हे तिला कळणार कसं?

त्याची युक्ती भानुदासकडे होती. तो गाण्याचे दोन ट्रॅक करायचा. डावीकडे गाणं, उजवीकडे रातकिडा. रातकिडा गात नसे, वेळ मोजत असे. कॅमेरा सेकंदाला पंचवीस चित्रं काढायचा, म्हणून रातकिडाही सेकंदाला पंचवीसदा किर्र करायचा, आणि प्रत्येक किर्र वेगळी. गाणं सुरू होऊन किती मिनिटं, किती सेकंद झाले आणि कितवं चित्र चालू आहे, हे सगळं तिच्यात भरलेलं असे. डावा ट्रॅक भोंग्यातून सगळ्यांना ऐकू जाई. उजवा नुसता तारेतून एका पाटीकडे जाई आणि पाटीवर आकडे पळत. पाटी कॅमेऱ्यासमोर धरली की झालं. विमल आकडा बघे आणि तुकडा त्याच्या जागी बसवून मोकळी होई. जंगलात तार कुठून आली, असं विचारू नका. सिंहाला काव्य सुचलं ते तुम्ही मुकाट्यानं ऐकून घेतलंत ना?

भानुदासच्या हातून आजवर कुणाचे ओठ पापणीभरही चुकले नव्हते. ह्याचा त्याला अभिमान होता. साळिंदराचा अभिमान लपत नाही, लगेच काटे उभे राहतात. महाराजांनी ते काटे पाहिले आणि म्हणाले, “काटेकर, गाण्यात आमची शोभा झाली, तर तुझे हे काटे उपटून काढू.”

मग प्रधानजी तपासणीला आले. प्रधानजी म्हणजे एक रानबोका. त्यांनी नेमका उजव्या तारेला कान लावला आणि हातभर मागे उडाले.

“ही किरकिर कुणाची?”

“रातकिड्याची, प्रधानजी.”

“महाराजांच्या गाण्यात किरकिर?”

“गाण्यात नाही, गाण्याच्या शेजारी. ती ऐकायची नसते. पाटीला वेळ कळावी म्हणून...”

“ऐकायची नसते तर वाजते कशाला? विरोधक म्हणजे दुसरं काय असतं?”

भानुदासनं पुन्हा सांगितलं. सावकाश सांगितलं. मातीत रेघोट्या काढून सांगितलं. प्रधानजी मान डोलवत राहिले.

“छान. आता ह्याच्या जागी बासरी घाल.”

“बासरीत आकडे नसतात हो!”

“नसू देत. गोडवा असतो.”

रातकिड्याला हाकलून दिलं. मैनेनं बासरी वाजवली. ती कुणालाच ऐकू येणार नव्हती, कारण उजवी तार फक्त पाटीकडे जात होती. पाटीला बासरीतलं काही कळेना. आकडे पळायचे थांबले आणि शून्यावर येऊन उभे राहिले.

“बघा काटेकर,” प्रधानजी म्हणाले, “इतके दिवस नुसते सैरावैरा पळत होते. आता कशी शिस्त आली!”

एकोणचाळीस तुकडे असेच झाले. शेवटी विमल घरट्यातून तरातरा खाली आली.

“भानूदादा, अहो सगळ्या तुकड्यांवर शून्य! आणि महाराज प्रत्येक ओळीला सारखाच आ करतात. कुठला आ कुठे बसवू मी? उरलेला एक तरी तुकडा धड द्या.”

“प्रधानजींना कळलं तर?”

“आणि ओठ चुकले तर? काटे कुणाचे जाणारेत?”

शेवटच्या तुकड्याच्या वेळी प्रधानजी मेजवानीची चव बघायला गेले होते. भानुदासनं दगडाखाली रुसून बसलेल्या रातकिड्याला हातापाया पडून आणलं. किर्र सुरू झाली. पाटीवरचे आकडे पळू लागले. ते बघून भानुदासचे डोळे भरून आले.

गाणं तयार झालं. सगळं जंगल गुहेत बघायला जमलं. पडद्यावर महाराजांनी आ केला, आवाज नाही. महाराजांनी तोंड मिटलं आणि कोकिळाची तान आली. धबधब्यापाशी महाराज शिंकले आणि त्यातून आलाप निघाला. एका सशाला हसू आलं, त्यानं ते खोकला करून काढलं. भानुदासनं डोळे मिटून घेतले.

तेवढ्यात प्रधानजी उठून उभे राहिले.

“महाराज, पाहिलंत? आपण पुढे, गाणं मागे! काळसुद्धा आपल्या मागून धावतो आहे!”

टाळ्यांचा कडकडाट झाला. महाराज सावरून बसले. “ते आम्ही मुद्दामच केलं होतं,” ते म्हणाले.

भानुदासनं सुटकेचा निःश्वास सोडला. आणि शेवटचा तुकडा लागला.

काय सांगू, बाळांनो! ओठ आणि सूर असे जुळले, की सिंह खरंच गातोय असं वाटावं. विमलच्या तोंडून “वा!” निघून गेलं. बाकी गुहेत एकही टाळी वाजली नाही.

“इथे आम्ही गाण्याच्या बरोबर कसे?” महाराज गुरगुरले. “कुठल्याही ऐऱ्यागैऱ्यासारखे?”

“घातपात, महाराज,” प्रधानजी म्हणाले आणि त्यांनी भानुदासकडे बोट केलं.

“किती वेळ चाललं हे, काटेकर?”

‘थोडाच वेळ’ म्हणाला असता तर कदाचित निभावलं असतं. पण दरबारानं त्याला वेळ विचारण्याची ही पहिलीच वेळ. त्याचे काटे ताठ उभे राहिले.

“अकरा सेकंद, महाराज. सेकंदाला पंचवीसप्रमाणे दोनशे पंचाहत्तर चित्रं. एकही चुकलेलं नाही.”

दोनशे पंचाहत्तर काटे उपटायचा हुकूम झाला. उपटणाऱ्यांना मोजता येत नव्हतं, म्हणून मोजणीही भानुदासलाच करावी लागली. ते दोनशे साठावर थांबले होते. उरलेले पंधरा त्यानं स्वतः सांगून काढायला लावले.

तात्पर्य : सगळ्यांबरोबर चुकलात तर ते धोरण ठरतं, एकट्यानं बरोबर केलंत तर घातपात. म्हणून, बाळांनो, चुकायचं तर शेवटपर्यंत मन लावून चुका. आणि किती वाजले, असं राजानं विचारलं, तर किती वाजलेले हवेत, ते आधी त्यालाच विचारा.