चव्वेचाळीस बाटल्यांचा एक नमुना

सोमवार, दिनांक २९ जुलै १९६३ रोजी सकाळी नऊ वाजून चाळीस मिनिटांनी पिंपळगाव राजा या गावच्या वर्गणीवर चालणाऱ्या दवाखान्यात त्रेचाळीस रुग्ण हजर होते आणि ओट्यावर लघवीच्या चव्वेचाळीस बाटल्या ओळीने मांडलेल्या होत्या. तपासणीवाचून औषध देणे म्हणजे मोजमापावाचून विहीर बांधणे होय, हे तत्त्व दवाखान्याचे मानद चिटणीस नीळकंठराव यांनी त्या दिवसापासून अमलात आणले.

नीळकंठराव टेक्निकल कॉलेजचे पदविकाधारक. खामगावच्या एका जिनिंग कारखान्यात त्यांनी एकतीस वर्षे कापसाची प्रत ठरवली होती. गाडीच्या वरून, मधून आणि तळातून मूठ मूठ कापूस काढावा, एकत्र करावा. जी प्रत निघेल ती सबंध गाडीची. आता खामगावची प्रयोगशाळा या दवाखान्याची आठवड्याला एकच बाटली तपासत असे. दुसरा कोणी एवढ्याने खचला असता. नीळकंठरावांनी चव्वेचाळीस बाटल्यांतून चमचा चमचा घेतला, ढवळला आणि मोहोरबंद करून रवाना केला. (वरचा, मधला, तळाचा असा भेद केला नाही, बाटल्या लहान होत्या.)

नऊ ऑगस्टला अहवाल आला : साखर आहे.

नमुन्यात साखर, म्हणजे गाडीत साखर. त्रेचाळीसही रुग्णांना गुलाबी कार्डे मिळाली : गूळ, साखर, पुरण वर्ज्य. यांत सतरा खोकल्याचे, अकरा खरजेचे, नऊ पोटदुखीचे, पाच तापाचे आणि एक पुंजाजी होता. पुंजाजीच्या पायात बाभळीचा काटा मोडला होता. सर्वांचे मूळ एकच निघाल्यामुळे औषधाचे कपाट उघडण्याची गरज उरली नाही, हा पद्धतीचा आणखी एक फायदा.

"साहेब, मले तं काटा भरला होता," पुंजाजी म्हणाला.

"काटा वरवरचा. साखर आतली."

"अन् पोळा दहा दिवसांवर आला. बैलाले पुरणपोळी चारीन, अन् मी काय त्याच्या तोंडाकडे पाहू?"

"बैलाचा नमुना घेतलेला नाही. बैलास बंदी नाही."

"मंग त्या दिवशी माह्या जागी त्यालेच काऊन नाही उभं केलं?"

नीळकंठरावांनी सूचना नोंदवून घेतली, गुळाचा तिसरा चहा संपवला आणि त्यावर तांब्याभर पाणी रिचवले. (त्यांना तहान फार, आणि दर तासाला मोरीकडेही जावे लागे. जबाबदारीच्या पदावर हे चालायचेच.)

आठ दिवसांत सतरापैकी पंधरा खोकले थांबले. ते एरवीही थांबले असते, असे म्हणणारे लोक प्रत्येक गावात असतात. नोंदवहीत 'गूळबंदीने बरे' असाच शेरा पडला.

सतरा ऑगस्टला, पोळा दोन दिवसांवर आला असताना, दवाखान्याची आया झुंबरबाई झाडता झाडता म्हणाली, "एवढा जीव काऊन काढता लोकायचा? त्या दिवशी म्या बाटल्या मागच्या फरशीवर ओतल्या, तं मुंग्या एकाच जागी आल्या होत्या."

"हे तेव्हाच का सांगितलं नाही?"

"मले कोणं इचारलं? म्हटलं, मुंग्यायची सही चालते का नाही, काय माहीत."

मुंग्यांना पदविका नसते. तथापि, फेरतपासणीस नकार देणे शास्त्राला धरून नव्हते. चव्वेचाळीस बाटल्या पुन्हा भरल्या गेल्या. फरशीवर खडूने आकडे घालून प्रत्येक आकड्यावर धार सोडली गेली. विसाव्या मिनिटाला भिंतीतून मुंग्या निघाल्या. चव्वेचाळीसपासून दोनपर्यंत त्या कोठेही न रेंगाळता गेल्या आणि क्रमांक एकवर थांबल्या. रांग अतिशय सरळ होती. नीळकंठरावांनी तिची मोकळेपणाने तारीफ केली.

"एक नंबर कोन हाय?" पुंजाजीने विचारले.

नोंदवही उघडली गेली. पहिल्या दिवशी लोक बाटली भरायला लाजत होते. तेव्हा चिटणिसांनी स्वतः पहिली बाटली भरून उदाहरण घालून दिले होते.

"म्हंजे गाडी आमची, अन् मूठ तुमची," पुंजाजी म्हणाला.

"मी रुग्ण नाही. मी चिटणीस आहे."

"ते मुंग्यायले कोणी सांगतलं नसन," झुंबरबाई म्हणाली आणि पुढे झाडू लागली.

त्या आठवड्याची बाटली शिल्लक होती. क्रमांक एक तीत एकटाच भरला गेला. पुंजाजीने ती स्वतः मांडीवर धरून मोटारीने खामगावला नेली आणि दिवस मावळायच्या आत उत्तर आणले : साखर आहे, भरपूर आहे. नीळकंठरावांनी त्रेचाळीस कार्डे रद्द केली आणि चव्वेचाळिसावे, त्याच वळणदार अक्षरात, स्वतःच्या नावे लिहिले. लिहिताना हात थोडा थांबला, तो फक्त 'पुरण' या शब्दापाशी.

पोळ्याला पुंजाजीने त्यांना आग्रहाने घरी नेले. पुंजाजीने पाच पोळ्या खाल्ल्या, बैलाने दोन. नीळकंठरावांनी ज्वारीची भाकर, वांग्याची भाजी आणि दोन तांबे पाणी घेतले, आणि बैलाच्या तोंडाकडे पाहिले.

वाचकांनी चिटणिसांना हसण्यापूर्वी पहिले वाक्य पुन्हा पाहावे. रुग्ण त्रेचाळीस, बाटल्या चव्वेचाळीस असे तेथे स्वच्छ लिहिले होते. ती जास्तीची बाटली कोणाची, असे वाचता वाचता थांबून विचारणाऱ्या वाचकांची संख्या, चिटणिसांच्या नोंदवहीप्रमाणे : शून्य.